टोळीच्या यादीतलं नाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पोलीस खात्यात मी चौतीस वर्षं काढली. १९८५ मध्ये फौजदार म्हणून लागलो, २०१९ मध्ये वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. यातली शेवटची बरीच वर्षं गुन्हेगारांचा माग ठेवण्याच्या कामात गेली. म्हणजे याद्या, फायली, नोंदवह्या. सिनेमातला पोलीस सारखा धावत असतो. खरं सांगायचं तर आमच्यातले निम्मे लोक खुर्चीत बसून लिहीत असतात. आज मला पोरांच्या टोळ्यांविषयी बोलायला सांगितलं आहे. मी त्या लिहिणाऱ्यांपैकी एक, त्यामुळे मी त्याच बाजूनं बोलणार.

कुठेही गेलो, लग्नात, बँकेत, सकाळी फिरायला, की लोक एकच विचारतात, "साहेब, हे कोयता गँग प्रकरण काय आहे हो? आमच्या वेळी असं नव्हतं."

कोयता हा शब्द आपल्याकडे मुळात किती साधा. ऊसतोडीच्या मुकादमाला विचारा. तो उचल देतो ती 'कोयत्या'ला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. बीडकडे कोयता म्हणजे पोट. पुण्यात मात्र या शब्दाला तीन-चार वर्षांत वेगळाच अर्थ चिकटला. डिसेंबर २०२२ मध्ये सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात दोघं जण कोयते फिरवत लोकांना धमकावत सुटले, त्यांतल्या एकाला बीटवरच्या पोलिसांनी जागीच धरलं, आणि त्याची चित्रफीत घराघरांत पोचली. त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात पुण्याच्या कोयता गँगचा विषय निघाला. पुढे जानेवारीत पोलिसांनी कोयतेवाल्यांना पकडणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी बक्षिसं जाहीर केली. कोयते विकणाऱ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहून नोंद ठेवावी, असंही सांगण्यात आलं.

आता नीट पाहा. 'कोयता गँग' या नावाची एक टोळी पुण्यात कधीच नव्हती. हडपसरची पोरं वेगळी, धनकवडीची वेगळी, पिंपरीची वेगळी. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, असला तर वैराचा. सारखं एवढंच, की हातात कोयता. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर दिवसा एका कॉलेजच्या मुलीवर कोयत्यानं हल्ला झाला, आणि तिथल्या तरुणांनी जिवावर उदार होऊन तिला वाचवलं. तो हल्ला एकट्या मुलाचा होता, एकतर्फी प्रेमातला. टोळीचा त्यात काही भाग नव्हता. पण दुसऱ्या दिवशी लोकांच्या बोलण्यात तोही कोयता गँगमध्येच जमा झाला. हत्यारावरून टोळी मोजायला लागलं की असं होतं.

मग खरंच काही बदललं आहे की नाही? बदललं आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हाची टोळी वरून खाली बांधलेली असायची. एक भाई. त्याच्या हातात जमिनीचे व्यवहार, वाळू, पुढे केबलचा धंदा. त्याचे चार जवळचे, आणि त्यांच्या हाताखाली पोरं. पोरगा टोळीत यायचा तो तालमीतून, मंडळातून, वीस-बाविसाव्या वर्षी, आणि त्याला काहीतरी काम असायचं. टोळीला खर्च होता, उत्पन्न होतं, त्यामुळे हिशेब होता. हिशेब असला की आम्हाला माग सापडतो. पैसा कुठून आला, कुठे गेला, एवढं धरून बसलं की माणूस हाती लागायचा.

आताच्या पोरांचं उलटं आहे. आधी सहा-सात जण चौकात जमतात. वय पंधरा ते एकोणीस. मग त्यांना नाव पडतं, आणि मग त्या नावाला शोभेल असं काहीतरी करावं लागतं. भांडणाचं कारण पाहाल तर हसू येईल, आणि जखम पाहाल तर हसू थांबेल. 'माझ्याकडे खुन्नसनं का बघितलंस?' 'माझ्या फोटोखाली काय लिहिलंस?' यात मिळकत काही नाही. रात्री दीड-दोनला एकेका गाडीवर तिघं बसून येतात आणि रस्त्याकडेला उभ्या गाड्यांच्या काचा फोडत जातात. त्या गाड्या कुणाच्या? रिक्षावाल्याच्या, भाजीवाल्याच्या, कुणाच्या तरी कर्जावर घेतलेल्या. त्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नसतो. 'इथे आम्ही आहोत' हे सांगण्यासाठी दुसऱ्याची काच लागते, एवढंच.

आणि कोयताच का? पिस्तुलाला पैसे लागतात, ओळख लागते. चाकू खिशात राहतो, दिसत नाही. कोयता शंभर-दोनशे रुपयांत बाजारात मिळतो आणि लांबून दिसतो. मोबाइलच्या पडद्यावर तर फारच छान दिसतो. त्यात कायद्याची एक गंमत आहे. शस्त्र कायद्यात 'शस्त्रा'ची व्याख्या करताना, निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. त्यामुळे नारळवाल्याच्या गाडीवरचा कोयता ही वस्तू, आणि रात्री दोन वाजता मोटरसायकलवर शर्टाच्या आत लपवलेला कोयता हे शस्त्र. फरक वेळ, जागा आणि हेतूचा. तो फरक पंचनाम्यात नीट लिहावा लागतो. घाईत लिहिला की वकील तिथेच बोट ठेवतो.

जुन्या टोळ्या संपल्या आहेत, असं मात्र समजू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये नाना पेठेत एका माजी नगरसेवकाचा खून झाला आणि वर्षभरानं, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच वैरातून एका कॉलेजच्या मुलाला मारलं गेलं. हे जुनं, घराण्यांचं वैर. पण अशा जुन्या टोळ्यांना नवी पोरं लागतात, आणि अठराच्या आतली लागतात. "तू लहान आहेस, तुला काही होणार नाही, लगेच सुटशील," हे वाक्य मी कित्येक पोरांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांना ते कुणीतरी मोठ्यानं शिकवलेलं असतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ८३ वं कलम आहे. बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड. माझ्या उरलेल्या नोकरीत मी हे कलम लावलेलं एकदाही पाहिलं नाही. त्यात मीही आलो.

'सोळाच्या पुढे मोठ्यांसारखा खटला चालवा' असं लोक म्हणतात. ती सोय त्याच कायद्यात आहे, जानेवारी २०१६ पासून. पण ती फक्त 'निर्घृण' गुन्ह्यांसाठी, आणि तेही बाल न्याय मंडळानं प्राथमिक तपासणी केल्यावर. हे मंडळ बऱ्याच जणांना मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर पहिल्यांदा माहीत झालं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं, की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा लिहिलेली आहे तोच निर्घृण. खुनाच्या प्रयत्नाला कमाल शिक्षा मोठी आहे, पण किमान काही लिहिलेली नाही. म्हणजे कोयत्याचा वार झालेला माणूस वाचला, तर सतरा वर्षांच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालत नाही. मेला, तर चालू शकतो. पोलिसांना हे खटकतं, मलाही पूर्वी खटकायचं. आता मी या वादात फारसा पडत नाही, कारण मला माझ्या कामातलं दुसरंच काहीतरी जास्त खटकतं. तिकडे येतोच.

आधी, आम्ही माग कसा ठेवतो ते सांगतो. सीसीटीव्ही, मोबाइलचे टॉवर, हे तुम्हाला मालिकांतून माहीत आहे. ते गुन्हा घडल्यानंतरचं. आधीचं काम बीटवरच्या हवालदाराचं. कोणत्या चौकात नवीन पोरं बसायला लागली, कुणाच्या वाढदिवसाचा फलक लागला, केक तलवारीनं कापला का. रोज कारागृहातून कोण सुटलं याची माहिती ठाण्याला येते. तो घरी गेला की चौकात गेला, हे पाहायचं. कोर्टात तारीख असली की बाहेर कोण कोण जमलं, ते पाहायचं. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत इन्स्टाग्राम. पोरं स्वतःच पुरावा तयार करतात आणि स्वतःच चढवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात पोलीस आयुक्तालयात नामचीन टोळीप्रमुखांना आणि त्यांच्या माणसांना रांगेत उभं करून समज दिली गेली, त्यात समाजमाध्यमांवर मिरवू नका हीसुद्धा ताकीद होती.

एक जागा मात्र आम्ही कमी पाहतो. दवाखाना. मोठ्या रुग्णालयात मारामारीतला जखमी आला की पोलिसांना कळवलं जातं. पण टोळीतलं पोरगं तिथे जातच नाही. गल्लीतल्या डॉक्टरकडे जातं, टाके घालून घेतं आणि सांगतं, "गाडीवरून पडलो." ब्रिटनमध्ये कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाच्या शल्यविशारदानं हेच हेरलं. त्याच्याकडे मारहाणीत जबडे मोडून येणाऱ्यांपैकी पुष्कळांची पोलिसांत नोंदच नव्हती. मग रुग्णालयानं नावं न देता फक्त जागा, वेळ आणि हत्यार एवढं कळवायला सुरुवात केली, आणि पोलिसांना मारामारीच्या जागा नेमक्या कळू लागल्या. नाव लागलंच नाही. हे मी निवृत्तीनंतर वाचलं, आणि कपाळाला हात लावला.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडे काढतो. अठराच्या आतल्या मुलांवरचे देशातले गुन्हे २०१६ मध्ये ३५,८४९ होते, २०२२ मध्ये ३०,५५५. म्हणजे कमी झाले! लोकांना मात्र वाटतं, दुप्पट झाले. खोटं कोण? कुणीच नाही. त्याच २०१६ मध्ये केंद्राचे आदर्श नियम आले. त्यांनुसार मुलाचा गुन्हा निर्घृण नसेल आणि सोबत कुणी प्रौढ नसेल, तर गुन्हाच दाखल करायचा नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला द्यायचा. हेतू चांगला आहे. पण दैनंदिनीतली नोंद या आकड्यांत येत नाही. शिवाय एका प्रकरणात पाच कलमं असली तर सगळ्यांत गंभीर तेवढं एकच मोजतात. आणि 'टोळीचा गुन्हा' असा स्वतंत्र रकाना मुलांच्या तक्त्यांत नाही. त्यामुळे पोरांच्या टोळ्या वाढल्या की घटल्या, हे त्या जाड ग्रंथातून कळत नाही. त्यातून एक गोष्ट तेवढी पक्की कळते, की पकडलेल्या मुलांत दर पाचांतली चारेक सोळा ते अठरा वयाची असतात.

मग टोळी किती आणि कोणती, हे कशावरून ठरतं? आमच्या यादीवरून. आणि ही यादी कशी होते, ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

मोक्का लावायचा, म्हणजे १९९९ चा संघटित गुन्हेगारीचा कायदा, तर टोळी आहे हे दाखवावं लागतं. मागच्या दहा वर्षांत तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं, आणि कोर्टानं घेतलेली त्यांची दखल. तडीपारी करायची तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ५५ वं कलम टोळी पांगवण्याचं. तिथेही टोळी लागते. म्हणून प्रस्तावात एक टोळीप्रमुख लिहायचा, त्याच्या आडनावावरून टोळीला नाव द्यायचं, आणि खाली सदस्य. कित्येकदा पोरांना आपल्या टोळीचं हे नाव आमच्या कागदातून, दुसऱ्या दिवशीच्या बातमीतून कळतं. आणि आवडतं! धिंडीचंही तेच. पकडलेल्याला त्याच्याच गल्लीतून फिरवलं की लोक टाळ्या वाजवतात, अधिकाऱ्याला बरं वाटतं. त्याच धिंडीची चित्रफीत मागे गाणं लावून पोरांनी मिरवलेली मी पाहिली आहे.

आता माझी गोष्ट. शहर सांगत नाही, ठाणं सांगत नाही. त्या मुलाचं नाव तर सांगणारच नाही.

२०१२ चा गणेशोत्सव. विसर्जनाच्या रात्री दोन मंडळांच्या पोरांत मारामारी झाली, एकाच्या डोक्याला सात टाके पडले. तपासात एक मोबाइल जप्त झाला. त्यात वाढदिवसाचा फोटो. नऊ पोरं, मध्ये केक, एकाच्या हातात सत्तूर. वरून आदेश होता, प्रत्येक ठाण्यानं उगवत्या टोळ्यांची यादी पाठवावी. मी फोटो टेबलावर ठेवला आणि डावीकडून नावं लिहायला घेतली. तिसरा मुलगा सोळा वर्षांचा, हातात केकचं रिकामं खोकं. आमचे एक हवालदार होते, निवृत्तीला आलेले, त्या वस्तीत पंधरा वर्षं फिरलेले. ते म्हणाले, "साहेब, हा पेपर टाकणारा पोरगा. केक याच्या मामाच्या बेकरीतला. हा पोचवायला गेला होता. यात नाही तो."

मी म्हणालो, "राहू द्या. नंतर काढू."

का म्हणालो? नऊ नावांची टोळी आठ नावांच्या टोळीपेक्षा भारी दिसते, एवढंच कारण. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

पुढे ती यादी ठाण्याच्या भिंतीपलीकडे गेली आणि तिचं आपोआप सुरू झालं. सण आला की यादीतल्या पोरांना बोलवायचं. निवडणूक आली की बोलवायचं. शेजारच्या वस्तीत काही झालं की रात्री घरी जाऊन 'आहे का' बघायचं. तो मुलगा दर वेळी यायचा, बाहेरच्या बाकावर चार-चार तास बसायचा. शेजारी कोण? बाकीचे आठ. ज्यांच्याशी त्याची ओळख केकच्या खोक्यापुरती होती, त्यांच्याशी त्याची पक्की दोस्ती आम्ही आमच्या बाकावर करून दिली. गाडी रात्री दारात थांबते म्हणून पेपरवाल्यानं त्याची लाइन काढून घेतली. मामानं बेकरीत येऊ नको सांगितलं. २०१४ मध्ये एका हाणामारीत तो खरोखरच हजर होता, अठरा पूर्ण झालेले, गुन्हा दाखल. तोवर माझी बदली झाली होती. तिथल्या अधिकाऱ्यानं मला फोन करून कौतुकानं सांगितलं, "सर, तुमची यादी बरोबर निघाली बघा."

हे वाक्य मला पुढे परदेशातल्या कागदांत वाचायला मिळालं, थोड्या वेगळ्या शब्दांत. आपल्याकडे अशा याद्यांचा जाहीर हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून तिकडचं सांगतो. लंडनच्या पोलिसांनी २०११ च्या दंगलींनंतर, २०१२ पासून 'गँग्ज मॅट्रिक्स' नावाची यादी ठेवली. नावापुढे लाल, पिवळा, हिरवा असा धोक्याचा रंग. ॲम्नेस्टीनं २०१८ मध्ये तिचा हिशेब मांडला. ऑक्टोबर २०१७ मध्ये यादीत ३,८०६ नावं होती, त्यातली ७८ टक्के कृष्णवर्णीयांची, सगळ्यांत लहान नाव बारा वर्षांच्या मुलाचं. ज्यांच्यावर हल्ला झाला, तेही त्याच यादीत होते. ही माहिती शाळा, घरं देणारी खाती, यांच्यापर्यंत जात होती. त्याच वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कायदा मोडल्याचा ठपका ठेवला, पुढे हजाराहून अधिक नावं काढावी लागली, आणि २०२४ मध्ये ती यादीच बंद झाली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात टोळीवाल्यांची नोंद ठेवणारी संगणकीय यादी होती. २०१६ मध्ये सरकारी लेखापरीक्षकानं ती तपासली, तर बेचाळीस जण नोंद करताना एक वर्षाच्या आतले निघाले. तान्ही बाळं! आणि त्यांतल्या अठ्ठावीस बाळांपुढे कारण लिहिलं होतं: टोळीत असल्याचं स्वतः कबूल केलं.

मी हसलो, मग थांबलो. कुणीतरी माझ्यासारखाच रकाना भरून पुढे गेला होता.

यादी नकोच, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या भावाला भोसकलंय तो मुलगा आज रात्री काय करणार आहे, हे पोलिसांना माहीत असायलाच हवं, आणि ते कुणीतरी लिहून ठेवल्याशिवाय पुढच्या पाळीच्या माणसाला कळत नाही. अशा नोंदींमुळे वाचलेले जीव मी पाहिले आहेत. पण प्रत्येक नावापुढे ते कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं आणि कोणत्या तारखेला पुन्हा पाहायचं, एवढं तरी असावं. तारीख उलटली आणि नवं काही घडलं नाही, तर नाव आपोआप गळावं. माझ्या हाताखालच्या एकाही यादीत असा रकाना नव्हता. मी तो घालू शकलो असतो. घातला नाही.

तुम्ही म्हणाल, मुलांच्या नोंदी नष्ट करायचा कायदा आहे ना? आहे. बाल न्याय कायद्याचं २४ वं कलम. पण ते दोषी ठरलेल्या मुलांच्या नोंदींविषयी आहे. माझा मुलगा सोळाव्या वर्षी दोषी ठरला नव्हता, आरोपीही नव्हता. त्याच्यावर काही नव्हतंच, त्यामुळे नष्ट करायलाही काही नव्हतं. गुन्हा केलेल्या मुलाचा कागद कायदा फाडायला सांगतो, आणि न केलेल्याचा तसाच राहतो.

जानेवारी २०२० मध्ये तो माझ्या घरी आला. चोवीस वर्षांचा, सोबत आई. एका मोठ्या गोदामात सुरक्षारक्षकाची नोकरी मिळत होती. पोलीस पडताळणीत 'अभिलेखावर नोंद आहे' असा शेरा आला. २०१४ च्या गुन्ह्यात तो निर्दोष सुटला होता, निकालाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. आई म्हणाली, "साहेब, तुम्ही तेव्हा त्या ठाण्याला होतात, तुम्हालाच माहीत. याचं काय करायचं?"

मी ठाण्यात गेलो. तरुण अधिकारी, अदबीनं वागला, चहा मागवला. २०१४ चं काम सोपं होतं. निकालाची प्रत जोडली, 'निर्दोष' अशी नोंद झाली. प्रश्न यादीचा. तो म्हणाला, "सर, यादी वरून येते. आम्ही फक्त बोलावतो." वरच्या कार्यालयात गेलो. तिथे सांगितलं, "यादी ठाण्यांकडून येते. आम्ही फक्त एकत्र करतो." यात कुणी खोटं बोलत नव्हतं. मग मी अर्ज लिहिला, मुलाच्या नावानं, आणि खाली माझं निवेदन जोडलं, की हे नाव मी स्वतः, पुरेशी चौकशी न करता घातलं आहे. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. गोदामवाल्यांनी दुसरा माणूस घेतला. उत्तर चौदा महिन्यांनी आलं, एका ओळीचं: सदर इसमाचे नाव सध्या सक्रिय यादीत नाही.

'सध्या' हा शब्द मी तीनदा वाचला.

तो मुलगा आता टेम्पो चालवतो, स्वतःचा आहे, हप्ते फिटत आलेत. उत्तराचा कागद न्यायला आला तेव्हा माझं निवेदन त्यानं पहिल्यांदा वाचलं. मान वर करून म्हणाला, "साहेब, म्हणजे नाव तुम्ही घातलं होतं?"

मी म्हणालो, "हो. मीच."

तो काही बोलला नाही. चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि निघून गेला. मला वाटलं, आता येणार नाही. पण गणपतीच्या आठ-दहा दिवस आधी त्याचा फोन आला. "साहेब, यंदा बोलावतील का? टेम्पोचं भाडं घ्यायचं की नाही, ठरवायचंय." मी ठाण्यात विचारून त्याला सांगितलं. तेव्हापासून दर वर्षी विचारतो, आणि मी दर वर्षी ठाण्यात फोन करतो.